अग्नीच्या दिशेला बर्फाचा खेळ

दोस्तांनो, आज आधी ॲटलास उघडा आणि अमेरिकेचं पान काढा. सापडलं? आता पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या दिशेला बोट न्या. या दिशेचं नाव काय? बरोबर, आग्नेय! घरातल्या आजीला विचारलंत तर ती सांगेल, की आग्नेय म्हणजे अग्नीची दिशा, म्हणून तर जुन्या घरांत चूल त्या कोपऱ्यात असे.

आता गंमत ऐका. याच दिशेच्या नावाचा एक विभाग बर्फावरच्या हॉकीत होऊन गेला. अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांत मिळून नॅशनल हॉकी लीग नावाची मोठी व्यावसायिक स्पर्धा चालते. तिच्यात १९९८ ते २०१३ या काळात ‘साउथईस्ट डिव्हिजन’, म्हणजे आपल्या भाषेत ‘आग्नेय विभाग’ होता. समुद्रकिनारा, नारळी-ताडाची झाडं आणि मगरी असलेल्या फ्लॉरिडाचे संघ या विभागात बर्फावर हॉकी खेळत. लोक हसायचे. ‘बर्फ तरी पाहिलाय का यांनी कधी?’ म्हणायचे. हा विभाग आज नाही. पण त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यात जिंकणं आहे, हरणं आहे, आणि आपला लाडका संघ एक दिवस गाव सोडून निघून गेला तर काय होतं, हेही आहे.

आधी खेळ समजून घेऊ

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात आणि हिरवं मैदान येतं. ही हॉकी वेगळी, बरं का! आपल्या देशात ती मुख्यतः लडाखमध्ये खेळतात, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर. पायात धारदार पात्याचे बूट, हातात लांब काठी, आणि चेंडूऐवजी ‘पक’ नावाची कडक रबराची काळी चकती. ही चकती एक इंच जाड आणि तीन इंच रुंद असते. गोलरक्षक धरून प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग इतका, की नवख्या माणसाला चकती दिसतसुद्धा नाही!

सर्वांत मोठं बक्षीस म्हणजे स्टॅन्ले चषक. तो पहिल्यांदा १८९३ साली दिला गेला. त्यावर विजेत्या खेळाडूंची नावं कोरतात, आणि जिंकलेल्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला हा चषक एक दिवस आपल्या घरी, आपल्या गावात नेता येतो.

विभाग कशासाठी?

एवढ्या मोठ्या दोन देशांत कितीतरी संघ. प्रत्येकानं प्रत्येकाशी सारखेच सामने खेळायचे म्हटलं तर खेळाडूंचा निम्मा जन्म विमानातच जायचा. म्हणून जवळजवळच्या संघांचे गट करतात. त्यांनाच विभाग म्हणायचं. आपल्या विभागातल्या संघांशी जास्त वेळा गाठ पडते. २००५ ते २००८ या काळात तर एका मोसमातल्या ८२ सामन्यांपैकी ३२ सामने विभागातल्याच चार संघांशी होते, प्रत्येकाशी आठ! शेजारच्या आळीतल्या पोरांशी रोज मॅच खेळली की कशी खुन्नस तयार होते, तसंच.

पूर्वी या विभागांना माणसांची नावं होती. नॉरिस, ॲडम्स, पॅट्रिक, स्माइथ. नवा प्रेक्षक या नावांनी गोंधळून जाई. म्हणून १९९३ मध्ये दिशांची आणि प्रदेशांची नावं आली. मग १९९८ मध्ये सहा विभागांची नवी मांडणी झाली आणि आपला आग्नेय विभाग जन्माला आला.

पाच बिऱ्हाडं

या विभागात सुरुवातीला चार संघ होते. पाचवा पुढच्याच वर्षी आला. एकेकाची ओळख करून घेऊ.

*वॉशिंग्टन कॅपिटल्स* हे त्यातले वडीलधारे. त्यांचा जन्म १९७४ चा. पहिल्या मोसमात ८० सामन्यांत विजय किती? फक्त ८! पराभव ६७, आणि ५ बरोबरीत. परगावी जाऊन तर ते सलग ३७ सामने हरले. शेवटी एकदा बाहेरगावी जिंकले, तेव्हा खेळाडूंनी चक्क कचऱ्याचा डबा चषकासारखा उचलून मिरवला.

*टॅम्पा बे लाइटनिंग* १९९२ मध्ये सुरू झाले. टॅम्पा शहर जवळजवळ आपल्या दिल्लीच्या अक्षांशावर आहे, आणि वीजवादळांबद्दल प्रसिद्ध आहे. म्हणून नाव ‘लाइटनिंग’, म्हणजे वीज. मोसमाआधीच्या एका सराव सामन्यात याच संघानं मॅनॉन रेओम या मुलीला गोलरक्षक म्हणून उतरवलं. या लीगच्या सामन्यात उतरलेली ती पहिली स्त्री. सामना अधिकृत मोसमातला नव्हता, पण समोर पुरुषांचा पूर्ण संघ होता. एका डावात तिच्यावर नऊ फटके आले, त्यांतले सात तिनं अडवले. पुढे तीन वर्षं हा संघ बेसबॉलसाठी बांधलेल्या एका प्रचंड घुमटाखाली खेळला, कारण स्वतःचं घरच तयार नव्हतं!

*फ्लॉरिडा पँथर्स* मायामी शहराजवळचे, १९९३ चे. त्यांची कथा तर उंदराची आहे. १९९५ च्या ऑक्टोबरात घरच्या पहिल्या सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत एक उंदीर शिरला. स्कॉट मेलनबी या खेळाडूनं काठीच्या फटक्यानं त्याला भिंतीवर भिरकावलं, आणि त्याच काठीनं त्या रात्री दोन गोल केले. तीन गोल म्हणजे ‘हॅट ट्रिक’, तर ही झाली ‘रॅट ट्रिक’! असं त्यांच्या गोलरक्षकानं म्हटलं मात्र, प्रेक्षक गोल झाला की बर्फावर प्लॅस्टिकचे उंदीर फेकू लागले. मोसमाच्या शेवटी तर उंदरांचा पाऊस पडायचा! खेळ थांबवून ते गोळा करावे लागत. लीगला त्याविरुद्ध नियम कडक करावे लागले.

*कॅरोलिना हरिकेन्स* हे मात्र दुसऱ्या गावाहून आलेलं बिऱ्हाड. उत्तरेकडच्या हार्टफर्ड शहराचा ‘व्हेलर्स’ हा संघ १९९७ मध्ये उठून नॉर्थ कॅरोलिना राज्यात आला. रॅली शहरातलं त्यांचं स्टेडियम तयार नव्हतं, म्हणून पहिली दोन वर्षं ते दुसऱ्याच गावात, अर्ध्याअधिक रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळले. इकडे हार्टफर्डच्या मुलांचं काय झालं असेल, याचा विचार करा.

*ॲटलांटा थ्रॅशर्स* १९९९ मध्ये आले. थ्रॅशर हा जॉर्जिया राज्याचा राज्यपक्षी. ॲटलांटाचा एक संघ याआधीही होता, ‘फ्लेम्स’ नावाचा. तो १९८० मध्ये कॅनडातल्या कॅल्गरी शहरात गेला होता. तेव्हा हा त्या गावाचा दुसरा प्रयत्न. या संघाला विसरू नका. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

उन्हात बर्फ टिकतो कसा?

तुम्ही म्हणाल, बाहेर घाम फुटतोय आणि आत बर्फ, हे जमतं कसं?

आपल्या फ्रिजचंच हे मोठं भावंड समजा. स्टेडियमच्या तळाला सिमेंट-काँक्रीटची लादी असते. तिच्या पोटात नळ्यांचं जाळं. या नळ्यांतून मीठ किंवा तसंच रसायन मिसळलेलं पाणी शून्याखाली थंड करून फिरवतात. मीठ कशाला? साधं पाणी नळीतच गोठून बसेल, खारट पाणी शून्याखालीही वाहतं राहतं. लादी गारठली की तिच्यावर पाण्याची तुषारांसारखी फवारणी करतात. एक पातळ थर गोठला की दुसरा, मग तिसरा. मध्येच पांढरा रंग देतात, त्यावर लाल-निळ्या रेषा आखतात, आणि वर पुन्हा पाण्याचे थर. असे पुष्कळ थर मिळून बर्फ होतो जेमतेम तीनएक सेंटीमीटर जाडीचा! तुमच्या बोटाच्या दीड पेराएवढा.

उष्णतेइतकाच दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. फ्लॉरिडाची हवा आपल्या कोकणासारखी ओलसर. ही ओली हवा आत शिरली की बर्फावर धुकं साचतं आणि बर्फ मऊ पडतो. म्हणून हवेतलं पाणी शोषून घेणारी मोठाली यंत्रं सतत चालू ठेवावी लागतात.

डाव संपला की बर्फ ओरखड्यांनी भरलेला असतो. तेव्हा एक बोजड गाडी येते. ती वरचा खवला खरवडते, धुते आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते. गरम पाण्यानं वरचा बर्फ जरासा वितळतो आणि नवा थर घट्ट चिकटतो. या गाडीचं नाव झांबोनी. ती १९४९ मध्ये बनवली फ्रँक झांबोनी यांनी. कुठे? उबदार कॅलिफोर्नियात! घरोघरी फ्रिज आले तसा त्यांचा बर्फाच्या लाद्यांचा धंदा बसू लागला, म्हणून त्यांनी स्केटिंगचं मैदान काढलं, आणि ते गुळगुळीत ठेवायला ही गाडी. म्हणजे आज कॅनडातल्या कडाक्याच्या थंडीतही जी गाडी फिरते, ती उन्हाच्या गावातून आलेली आहे.

चेष्टा आणि चषक

आग्नेय विभाग सगळ्यांत दुबळा, असं पुष्कळ जण म्हणत. आणि नियमच असा होता, की विभागात पहिला येणारा संघ गुण कमी असले तरी बाद फेरीत पूर्वेकडच्या पहिल्या तिघांत धरला जाई. २०१२ मध्ये फ्लॉरिडाचे गुण होते ९४. पिट्सबर्गचे १०८. तरी फ्लॉरिडा तिसरे आणि पिट्सबर्ग चौथे! उत्तरेकडच्या प्रेक्षकांचा तिळपापड व्हायचा. यात त्यांचं चूक नव्हतं. नियम खरोखरच विचित्र होता.

पण मैदानावर काय झालं, तेही पाहा.

२००४ चा अंतिम सामना टॅम्पा विरुद्ध कॅल्गरी. आठवतं ना, कॅल्गरी म्हणजे एके काळचे ॲटलांटाचेच फ्लेम्स! टॅम्पाकडे मार्टिन सेंट लुई नावाचा खेळाडू होता. उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे या खेळात अगदी बुटका. नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला कुणीच घेतलं नव्हतं. पुढे कॅल्गरीनं घेतलं, आणि २००० मध्ये सोडून दिलं. तो टॅम्पाला आला. २००३-०४ च्या मोसमात संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचे. अंतिम मालिकेत कॅल्गरी ३-२ नं पुढे होतं. सहावा सामना त्यांच्याच घरी. आणखी एक विजय की चषक त्यांचा. सामना लांबला, दुसऱ्या जादा डावात गेला, आणि त्या डावाच्या पहिल्याच मिनिटात गोल केला तो आपल्या बुटक्या सेंट लुईनं! सातवा सामना टॅम्पानं २-१ असा जिंकला. अग्नीच्या दिशेला पहिल्यांदा चषक आला.

पुढचा मोसम खेळाडू आणि मालक यांच्या पैशांच्या भांडणात संपूर्ण रद्द झाला. त्यानंतरच्या मोसमात, २००६ मध्ये, चषक जिंकला कॅरोलिनानं. समोर होता कॅनडाचा एडमंटन ऑयलर्स. पुन्हा सात सामने. कॅरोलिनाचा गोलरक्षक कॅम वॉर्ड बावीस वर्षांचा, त्याचा पहिलाच मोसम. बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. म्हणजे लागोपाठ झालेल्या दोन मोसमांत, चेष्टेचा विषय झालेल्या या विभागाकडे दोन चषक!

ॲटलांटाचा निरोप

आता थ्रॅशर्सकडे येऊ.

त्यांच्याकडे इल्या कोवालचुकसारखा धडाकेबाज खेळाडू होता. २००७ मध्ये त्यांनी विभाग जिंकलासुद्धा. पण बाद फेरीत न्यूयॉर्क रेंजर्सनी त्यांना ४-० असं उडवलं. अकरा मोसमांत बाद फेरीतले एवढेच चार सामने त्यांच्या वाट्याला आले, आणि त्यांतला एकही ते जिंकले नाहीत. मालकमंडळींची आपसांत कोर्टबाजी चालू होती. संघ हरत होता, तसे प्रेक्षक घटत होते. प्रेक्षक घटले, तसा पैसाही आटला. २०११ च्या मे महिन्यात संघ विकला गेला आणि कॅनडातल्या विनिपेग शहरात गेला. ॲटलांटानं दुसऱ्यांदा आपला संघ गमावला.

पण थांबा. विनिपेगची बाजूही ऐका. या गावाचा ‘जेट्स’ नावाचा संघ होता. १९९६ मध्ये पैशांअभावी तो ॲरिझोनाच्या वाळवंटात, फिनिक्स शहरात गेला होता. तो जाऊ नये म्हणून आदल्या वर्षी गावकरी रस्त्यावर उतरले होते, वर्गण्या काढल्या होत्या, लहान मुलांनी आपले खाऊच्या पैशांचे गल्ले आणून दिले होते. तरी संघ गेला. पंधरा वर्षं हे गाव वाट पाहत होतं. नवा संघ येणार म्हटल्यावर १३,००० मोसमी तिकिटं काही दिवसांत संपली! नव्या संघाला त्यांनी जुनंच नाव दिलं, जेट्स.

एका गावात दिवाळी आणि दुसऱ्या गावात सुतक, तेही एकाच बातमीनं. ॲटलांटातल्या ज्या मुलानं निळी जर्सी घालून दर सामन्याला हजेरी लावली, त्यानं तर काही चूक केली नव्हती. व्यावसायिक खेळाची ही दुसरी बाजू आहे. संघ ‘आपला’ असतो तो मनानं. कागदावर तो कुणाच्या तरी मालकीचा असतो.

आणि यातला विनोद असा, की वेळापत्रक लगेच बदलणं शक्य नव्हतं. म्हणून विनिपेग पुढची दोन वर्षं आग्नेय विभागातच खेळलं! नकाशावर विनिपेग शोधा बरं. जानेवारीत तिथं रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. तिथून मायामी सुमारे तीन हजार किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपलं श्रीनगर ते कन्याकुमारी. कानटोपी घालून विमानात बसायचं आणि उतरल्यावर शर्टाच्या बाह्या वर करायच्या, अशी ही ‘शेजारच्या’ संघाशी मॅच!

२०१३ मध्ये सहाऐवजी चार विभाग झाले आणि आग्नेय विभाग मोडला. विनिपेग मध्य विभागात गेलं. कॅरोलिना आणि वॉशिंग्टन एका विभागात, फ्लॉरिडाचे दोघे दुसऱ्या विभागात. चौदा मोसमांत सात वेळा पहिला नंबर वॉशिंग्टनचा, तीन वेळा कॅरोलिनाचा, दोनदा टॅम्पाचा, आणि एकेकदा ॲटलांटा व फ्लॉरिडाचा, असा त्याचा हिशेब मिटला.

मग हसणारे बरोबर होते का?

विभाग मोडल्यावर काय घडलं, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

पहिल्या मोसमात कचऱ्याचा डबा मिरवणाऱ्या वॉशिंग्टननं २०१८ मध्ये खराखुरा चषक जिंकला. त्यांचा कप्तान अलेक्झांडर ओवेचकिन यानं ६ एप्रिल २०२५ ला ८९५ वा गोल करून वेन ग्रेट्स्कीचा विक्रम मोडला. टॅम्पानं २०२० आणि २०२१ असा लागोपाठ दोनदा चषक नेला, आणि विजयाची मिरवणूक काढली नदीतून, होड्यांमधून! गोठलेल्या नद्यांच्या देशात हे कसं जमणार? उंदीरवाल्या फ्लॉरिडानं २०२४ आणि २०२५ मध्ये तेच केलं. कॅरोलिनाचा चषक तर आधीच घरात होता. म्हणजे दक्षिणेत टिकून राहिलेल्या चारही संघांनी चषक उचलला.

पण चषकाहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. शेन गॉस्टिसबेहेर नावाचा एक खेळाडू आहे. तो फ्लॉरिडात १९९३ साली जन्मला, पँथर्स सुरू झाले त्याच वर्षी. ताडाच्या झाडांच्या गावात वाढून तो या लीगमध्ये पोहोचला आणि पुढे कॅरोलिनाकडूनही खेळला. ॲरिझोनाच्या वाळवंटात वाढलेला ऑस्टन मॅथ्यूज २०१६ च्या निवडीत सर्वांत पहिला निवडला गेला. लहानपणी तो कोणता संघ बघायचा? विनिपेगहून आलेला तो जुना जेट्स! विनिपेगच्या मुलांचे अश्रू आणि वाळवंटातल्या एका मुलाचं स्वप्न, दोन्ही एकाच संघातून आली. तो फिनिक्सचा संघही २०२४ मध्ये ॲरिझोना सोडून गेला. पण एकदा मुलाच्या पायात बूट चढले, की संघ गेला तरी खेळ काही त्याच्या अंगातून जात नाही.

आंब्याची कोय आज पेरली आणि उद्या फळ मागितलं, तर शेजारी हसणारच. कलमालाही काही वर्षं लागतात, कोयीला तर जास्तच. नव्या मातीत खेळ रुजायचा तर एक पिढी मोठी व्हावी लागते. टॅम्पा आणि कॅरोलिनाला तेवढा वेळ मिळाला. ॲटलांटाला मिळाला नाही.

आईबाबा, तुम्हीही हे वाचत असाल तर एक विनंती. तुमच्या गावात कुणी ज्युदो, तलवारबाजी, रोइंग असं ‘इथं न चालणारं’ काही सुरू केलं असेल, तर चार महिन्यांत ‘काय उपयोग?’ असं विचारू नका. मुलांना थोडे दिवस जाऊ द्या.

आणि दोस्तांनो, ॲटलास अजून उघडाच आहे ना? मग टॅम्पा, मायामी, रॅली, ॲटलांटा, वॉशिंग्टन आणि विनिपेग या शहरांवर पेन्सिलीनं टिंब द्या आणि रेषांनी जोडा. ‘आग्नेय’ विभागाचा तो वेडावाकडा आकार पाहा, आणि विनिपेगच्या टिंबापाशी पोहोचलात की तुम्हांलाही हसू येतं का, ते सांगा!